मोतीबिंदु आणि चाळिशी

डोळ्यांच्या दोन विकारांना मराठी भाषेनें जीं नांवें दिलीं आहेत तीं मोठीं बोलकीं आहेत. बाहुलींत मोत्यासारखा पांढरा ठिपका दिसूं लागला म्हणजे त्यास आपण मोतीबिंदु म्हणतों. आणि चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास जवळचीं अक्षरें पुसट होऊं लागलीं म्हणजे जो चष्मा घ्यावा लागतो त्यास चाळिशी म्हणतों. पहिलें नांव पाहणाऱ्यानें ठेविलें आहे, दुसरें भोगणाऱ्यानें. मोतीबिंदु दुसऱ्यास दिसतो. चाळिशी ज्याची त्यासच कळते. हा भेद वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु नेत्रवैद्यकाचा इतिहास आम्ही जसजसा वाचीत गेलों, तसतसें आम्हांस वाटूं लागलें कीं, शस्त्रवैद्यास बाहेरून जें दिसतें आणि रोग्यास आंतून जें दिसतें, त्यांचा मेळ कसा घालावयाचा, हाच या इतिहासांतील मुख्य प्रश्न होय.

हा विचार प्रथम मनांत आला तो गेल्या हिंवाळ्यांत मानवत येथें. मानवत हें परभणी जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील मानवत रोड हें त्याचें स्टेशन. गांव तेथून आंत आहे. कापसाचा बाजार ही या गांवाची जुनी ओळख. तेथें आमच्या चुलत बंधूंचें घर असून त्यांचा अडतीचा व्यवहार आहे. दीड वर्षापूर्वीं त्यांनीं एका मोठ्या शहरीं जाऊन दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदु काढविले आणि त्यांच्या जागीं बहुकेंद्री, म्हणजे ज्यांस मल्टिफोकल म्हणतात तीं, भिंगें बसवून घेतलीं. आज ते तपासणीच्या तक्त्यावरील शेवटची ओळ दुरून वाचतात आणि वर्तमानपत्रांतील बारीक अक्षर चष्म्यावांचून वाचतात. असें असूनहि आम्हीं चौकशी करितांच ते म्हणाले, "भाऊ, दिसायला सगळं दिसतंय, पण समाधान नाही."

त्याच घरांतील एका कोनाड्यांत त्यांच्या मातोश्रींचा, म्हणजे आमच्या काकूंचा, जुना चष्मा अजून ठेविलेला आहे. काकूंचा मोतीबिंदु सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, आम्ही शाळेंत असतांना, एका शिबिरांत काढिला होता. त्या जाड भिंगांतून त्यांना जेमतेम दिसत असे. परंतु कोणीं विचारिलें तर त्यांचें उत्तर ठरलेलें असे : "दिसतंय की बाबा, अजून काय पायजे?" ज्यांना उत्तम दिसतें ते असमाधानी, आणि ज्यांना थोडें दिसत होतें त्या समाधानी, हें कोडें आम्हांस उलगडेना. तें उलगडण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. आणि मागें जावयाचें तर सुश्रुतापर्यंत जाणेंच योग्य.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कफजन्य लिंगनाशावरील शस्त्रकर्म वर्णिलें आहे. फार उष्णता नाहीं व फार थंडी नाहीं असा काळ निवडावा. रोग्यास बसवून त्यास आपल्या नाकाकडे पाहावयास सांगावें. जवाच्या टोंकासारखें अग्र असलेली शलाका डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडून, शिरा चुकवून, आंत घालावी. उजव्या डोळ्यास डावा हात आणि डाव्यास उजवा हात वापरावा. वेध नीट झाल्यास बारीक आवाज होतो आणि पाण्याचा थेंब येतो. मग शलाकेनें आंतील कफ खरवडून बाजूस सारावा. पुढील पथ्यहि बारकाईनें सांगितलें आहे : तूप लावून पट्टी बांधावी, रोग्यानें उताणें निजावें, आणि शिंक, खोकला, ढेकर, थुंकणें हीं टाळावीं. या क्रियेनें प्रत्यक्षांत होतें एवढेंच कीं, गढूळ झालेलें नैसर्गिक भिंग डोळ्याच्या आंतच मागें ढकललें जातें आणि प्रकाशाची वाट मोकळी होते.

आमचें लक्ष वेधलें तें मात्र दुसऱ्याच एका गोष्टीनें. शस्त्रकर्म साधलें हें ओळखावें कसें, याच्या दोन खुणा तेथें दिल्या आहेत. एक, ढग गेल्यावर सूर्य प्रकाशावा तशी दृष्टि स्वच्छ दिसूं लागते. ही वैद्याची खूण. दुसरी, रोग्यास रूपें दिसूं लागतात, आणि तीं दिसूं लागल्यावरच शलाका हळूहळू बाहेर काढावयाची असते. ही रोग्याची खूण. म्हणजे हत्यार डोळ्यांत असतांनाच रोग्यास "काय दिसतें?" असें विचारण्याची चाल आपल्याकडील या प्राचीन ग्रंथांत आहे. वैद्याचे डोळे आणि रोग्याचे डोळे या दोघांचीहि साक्ष तेथें घेतली आहे.

पुढें ही विद्या पंडितांच्या हातून निसटून फिरत्या लोकांच्या हातीं गेली. गांवोगांव हिंडणारे हे लोक सुईनें मोतीबिंदु खालीं पाडीत, रोग्यास तेथल्या तेथें बोटें मोजावयास लावीत आणि दक्षिणा घेऊन दुसऱ्या गांवाची वाट धरीत. आंधळ्यास बोटें दिसलीं, हा चमत्कार सर्व गांव पाही. परंतु डोळ्यांत सुटें पडलेलें भिंग पुढें दाह उत्पन्न करी, डोळ्यांतील दाब वाढे, आणि कित्येकांची दृष्टि कायमची जाई. तें पाहण्यास तो माणूस तेथें नसे. मद्रास येथील सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री एलियट यांनीं अशा बिघडलेल्या डोळ्यांचा दीर्घ अभ्यास केला आणि १९१७ सालीं लंडन येथील रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्यें याच विषयावर व्याख्यानें दिलीं. त्यांचा निष्कर्ष या पद्धतीस सर्वस्वीं प्रतिकूल होता. त्यांतून निघणारा धडा मात्र केवळ फिरत्या लोकांनाच लागू नाहीं. यश कोणत्या दिवशीं मोजावयाचें, हें ज्यानें ठरविलें त्यानें निकालहि अर्धा ठरविला.

युरोपांत इ. स. १७४७ मध्यें झाक दाव्हिएल या फ्रेंच शस्त्रवैद्यानें मोतीबिंदु मागें न ढकलतां, डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यास छेद देऊन, बाहेर काढण्याची रीत सुरू केली. तेथून नव्या शस्त्रविद्येचा आरंभ धरितात. ही विद्या हिंदुस्थानांत आल्यावर तिचें स्वागत करणाऱ्यांत एक मराठा राजा अग्रभागीं होता, ही गोष्ट आपल्यांतील पुष्कळांस ठाऊक नसते. तंजावरचे सरफोजी महाराज (१७७७–१८३२) हे ग्रंथसंग्राहक म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु त्यांच्या सरस्वतीमहाल ग्रंथालयांत त्यांच्या काळच्या नेत्ररोग्यांचीं टिपणेंहि जपून ठेविलीं आहेत. सुमारें पन्नास कागद, त्यांपैकीं अठरांसोबत डोळ्यांचीं चित्रें, आणि चव्वेचाळीस रोग्यांची तपशीलवार हकीकत, असा हा संग्रह असून त्यांतील मजकूर इंग्रजींत व मोडी लिपींतील मराठींत आहे. महाराज शस्त्रांची पेटी जवळ बाळगीत आणि कित्येक शस्त्रक्रिया त्यांनीं स्वहस्तें केल्या, असेंहि मानिलें जातें. तें कसेंहि असो. रोगी कोण, त्याच्या डोळ्याची स्थिति काय, उपाय कोणता केला, हें लिहून ठेवावें आणि डोळ्याचें चित्रहि काढवून घ्यावें, ही दृष्टि आम्हांस शस्त्रकौशल्याहून मोठी वाटते. फिरत्या माणसाच्या विद्येंत जें नव्हतें तें येथें आहे, म्हणजे स्मरण. आणि तें स्मरण कांहीं अंशीं आपल्या भाषेंत लिहिलेलें आहे.

तरीहि "किती दिसतें?" या प्रश्नास मोजमापाचें उत्तर अद्याप नव्हतें. तें १८६२ सालीं हॉलंडमधील उट्रेख्ट येथें हेर्मान स्नेलेन यांनीं दिलें. वरून खालीं लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा त्यांचा तक्ता आज प्रत्येक चष्म्याच्या दुकानांत टांगलेला असतो. निकोप डोळ्यास जें अक्षर साठ मीटरांवरून ओळखतां यावें तें सहा मीटरांवर आल्यावरच ओळखतां आलें, तर ती दृष्टि ६/६०. सहा मीटरांचें अक्षर सहा मीटरांवरून दिसलें, तर ६/६. या युक्तीनें एका गांवच्या रोग्याची दुसऱ्या गांवच्या रोग्याशीं तुलना करितां येऊं लागली आणि वैद्यकावर मोठेंच उपकार झाले. परंतु प्रत्येक मापाबरोबर त्या मापाचा एक मोहहि येतो. पांढऱ्या कागदावरील काळीं अक्षरें, भरपूर उजेडांत, स्वस्थ बसून वाचणें, एवढेंच कांहीं पाहणें नव्हे. पण जें मोजतां येतें तेवढेंच पुढें खरें ठरूं लागतें.

विसाव्या शतकांत संख्येचें युग आलें. जालंधर येथें हेन्री स्मिथ यांनीं शतकाच्या आरंभीं हजारों मोतीबिंदु संपूर्ण वेष्टनासह काढून जगभर नांव मिळविलें. पुढें विजापूर जिल्ह्यांतील बिळगी येथें जन्मलेले डॉ. मुरगेप्पा चन्नवीरप्पा मोदी (१९१६–२००५) यांनीं शिबिरांची प्रथा खेडोपाडीं नेली. एका दिवसांत शेंकडों डोळ्यांवर शस्त्रक्रिया करण्याबद्दल त्यांची ख्याति होती. मराठवाड्यापुरतें बोलावयाचें तर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें तें १९५६ सालीं. अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालीं सुरू झाला. अशा प्रदेशांत शाळेच्या इमारतींत भरणारें शिबिर हेंच खेड्यांतील म्हाताऱ्यांचें रुग्णालय होतें. त्या शिबिरांनीं लाखों लोकांस अंधारांतून बाहेर काढिलें, याविषयीं कोणीहि कृतज्ञच राहील.

पण त्या शस्त्रक्रियेनंतरचें दिसणें कसें होतें, तें पाहिलें पाहिजे. डोळ्याची जी एकूण वक्रीकरणशक्ति, तिचा सुमारें एकतृतीयांश भाग नैसर्गिक भिंगाचा असतो. तें भिंग काढून टाकिल्यावर ती उणीव चष्म्यानें भरून काढावी लागे, आणि म्हणून त्या चष्म्याचीं भिंगें बाटलीच्या बुडासारखीं जाड असत. त्यांतून वस्तु सुमारें पावपट मोठ्या, आणि म्हणून जवळ आल्यासारख्या दिसत. कडेला चोहोंकडे एक न दिसणारें कडें राही. त्यांतून माणूस वा जनावर एकदम समोर उपटे. एकच डोळा केला असेल तर दोन डोळ्यांतील चित्रांचा आकार जुळत नसे. आणि चष्मा फुटला किंवा हरवला कीं माणूस पुन्हा आंधळा. आमच्या काकू चहा ओतावयास गेल्या कीं तो बशीबाहेर जाई. जिन्याची शेवटची पायरी त्या पायानें चांचपून पाहत. एकदां चष्मा बाजेवरून पडून फुटला, तेव्हां दुसरा येईपर्यंत आठ दिवस त्या भिंतीशीं बसून होत्या. शिबिराच्या वहींत मात्र त्यांची नोंद यशस्वी शस्त्रक्रिया म्हणून झाली असली पाहिजे. आणि तक्त्याच्या दृष्टीनें ती खोटीहि नव्हती.

या जाड चष्म्यावरील उपाय सुचला तो युद्धांतून. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रज वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या झांकणाचे पर्स्पेक्स नांवाच्या पारदर्शक द्रव्याचे तुकडे घुसत. लंडनचे नेत्रवैद्य हॅरल्ड रिडली यांच्या ध्यानीं आलें कीं, हे तुकडे डोळ्यांत राहिले तरी डोळा त्यांच्यावर रागावत नाहीं. पुढें मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्यानें त्यांना सहज विचारिलें कीं, जुनें भिंग काढिलें, मग त्याजागीं नवें कां घालीत नाहीं? अडाण्यासारख्या वाटणाऱ्या या प्रश्नानें त्यांच्या मनांतील विचारास गति दिली. २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं सेंट टॉमस रुग्णालयांत त्यांनीं पहिलें कृत्रिम भिंग डोळ्यांत घातलें आणि फेब्रुवारी १९५० मध्यें तें कायमचें बसविलें. भिंग डोळ्यांत राहिलें, परंतु त्याची शक्ति अपेक्षेहून फारच अधिक निघाली आणि रोग्याची दृष्टि अतिशय आंखूड झाली. मोठमोठ्या नेत्रवैद्यांनीं या प्रयोगावर कडक टीका केली. रिडली यांस 'सर' हा किताब मिळाला तो २००० सालीं, त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीं. तत्पूर्वींच त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतहि त्यांनींच शोधिलेल्या प्रकारचीं भिंगें बसविलीं गेलीं होतीं.

मधल्या काळांत तीन गोष्टी घडल्या. अमेरिकेंत चार्ल्स केलमन यांनीं १९६७ सालीं, दंतवैद्याच्या यंत्रावरून कल्पना घेऊन, अतिसूक्ष्म कंपनांनीं मोतीबिंदु आंतल्या आंत फोडून शोषून घेण्याची रीत काढिली. तीच आज फेको या नांवानें घरोघर माहीत आहे. कोणाच्या डोळ्यांत किती शक्तीचें भिंग घालावें याचें गणित १९८० च्या सुमारास सोपें व भरंवशाचें झालें. आणि भिंगाची किंमत उतरली. या शेवटच्या गोष्टीचें श्रेय मोठ्या अंशीं आपल्या देशाकडे जातें. मदुराई येथें डॉ. वेंकटस्वामी यांनीं १९७६ सालीं स्थापिलेल्या अरविंद नेत्ररुग्णालयाशीं संलग्न असा ऑरोलॅब हा कारखाना १९९२ सालीं निघाला आणि स्वस्त भिंगें तयार होऊं लागलीं. मदुराई येथेंच ३४०० रोग्यांवर, अर्ध्यांना भिंग व अर्ध्यांना जाड चष्मा देऊन, तुलना करण्यांत आली. १९९८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनीं भिंगाच्या बाजूनें निःसंदिग्ध कौल दिला. जागतिक बँकेच्या साह्यानें १९९४ पासून सात राज्यांत जी मोतीबिंदु-योजना चालली तींत महाराष्ट्रहि होता. मराठवाड्यांतील एका खेड्यांत वाढलेले डॉ. तात्याराव लहाने यांनीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांतून जें प्रचंड काम केलें तें याच काळांतलें. जाड चष्मा हळूहळू नाहींसा झाला, आणि काकूंच्या पिढीचें तें दुःख त्यांच्या मुलांच्या वांट्यास आलें नाहीं.

याच दशकांत आणखी एक बदल झाला. त्याचा गाजावाजा झाला नाहीं. पण आमच्या मतें तो भिंगाइतकाच महत्त्वाचा आहे. १९९४ सालीं अमेरिकेंतील कांहीं संशोधकांनीं चौदा प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षर वाचतां येतें काय? पायरी दिसते काय? जवळ आलेला माणूस ओळखतां येतो काय? शिवणकाम, स्वयंपाक, दिवसा वा रात्रीं गाडी चालविणें जमतें काय? अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. १९९७ सालीं दक्षिण हिंदुस्थानांतील खेडुतांसाठीं त्यांच्या जीवनक्रमास अनुरूप अशी प्रश्नावलि प्रसिद्ध झाली. तींत स्वतःचें स्वतः करितां येणें, हिंडणेंफिरणें, लोकांत मिसळणें आणि मनाची स्थिति यांचा विचार होता. तक्ता डोळ्याची परीक्षा घेतो. या प्रश्नावलींनीं माणसास बोलतें केलें. हत्यार डोळ्यांत असतांना "काय दिसतें?" असें विचारणाऱ्या प्राचीन वैद्याकडे शास्त्र पुन्हा एकवार वळलें, असें आम्ही म्हणूं.

आतां बहुकेंद्री भिंगाकडे येऊं. साधें कृत्रिम भिंग एकाच अंतरावरचें स्पष्ट दाखवितें. तें बहुधा दूरचें असतें. म्हणून मोतीबिंदु गेला तरी वाचनाचा चष्मा, म्हणजे चाळिशी, राहतेच. तरुणपणीं नैसर्गिक भिंग जवळचें पाहतांना फुगतें. कृत्रिम भिंगास तें येत नाहीं. तेव्हां मोतीबिंदूबरोबर चाळिशीहि घालवावी, अशी महत्त्वाकांक्षा उत्पन्न झाली. १९८६ सालीं इंग्लंडांत जॉन पियर्स यांनीं दोन केंद्रांचें भिंग डोळ्यांत बसविलें. १९९७ सालीं अमेरिकेंत अशा प्रकारच्या भिंगास प्रथम सरकारी मान्यता मिळाली. नंतर तीन केंद्रांचीं आणि केंद्राची खोली वाढविणारीं भिंगेंहि आलीं.

यांतील मर्म समजून घेण्यासारखें आहे. वर दूरचें व खालीं जवळचें अशा दुहेरी भिंगाचा चष्मा आपल्या परिचयाचा आहे. तेथें डोळा वर किंवा खालीं पाहून एका वेळीं एकच भिंग निवडतो. डोळ्याच्या आंत बसविलेल्या भिंगांत अशी निवड करितां येत नाहीं. तें आलेला प्रकाश वांटून टाकितें. दूरचें व जवळचें अशीं दोन्ही चित्रें एकाच वेळीं दृष्टिपटलावर पडतात, आणि त्यांतील हवें तें घेऊन नको तें सोडणें हें काम मेंदूस करावें लागतें. सूक्ष्म वर्तुळाकार पायऱ्यांच्या एका प्रकारांत सुमारें ४१ टक्के प्रकाश दूरच्या व तितकाच जवळच्या चित्रास जातो. उरलेला १८ टक्क्यांच्या आसपासचा प्रकाश कोणत्याच चित्राच्या उपयोगीं पडत नाहीं. म्हणजे ही मिळकत वाढलेली नसून तिची वांटणी झालेली आहे. यामुळें काळ्यापांढऱ्यांतील ठळक भेद दिसतो, पण करड्यांतील सूक्ष्म भेद मंदावतो. आणि रात्रीं दिव्याभोंवतीं वलयें दिसतात. अनेक चांचण्यांचा एकत्र विचार करून २०१६ सालीं कोक्रेन या संस्थेनें जो आढावा प्रसिद्ध केला त्याचाहि आशय हाच आहे : दूरचें दिसणें दोन्ही प्रकारच्या भिंगांनीं सारखेंच, चष्म्यापासून सुटका बहुकेंद्री भिंगानें अधिक, आणि वलयांचा व चकाकीचा त्रासहि त्यानेंच अधिक.

आमच्या बंधूंचें कोडें येथें उलगडूं लागतें. त्यांचा दिवस कापसांत जातो. संध्याकाळीं गोदामाच्या मंद उजेडांत मूठभर कापूस हातांत घेऊन त्याची प्रत ठरवावयाची, पांढऱ्यांतला पिवळसर पांढरा निराळा ओळखावयाचा, हें त्यांचें काम. आणि वांटलेल्या प्रकाशास हेंच कठीण जातें. काम आटोपून रात्रीं परभणीहून स्वतः मोटार चालवीत ते परततात, तेव्हां समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकचे दिवे त्यांच्यापुढें दोन मोठीं फुलें होऊन उभे राहतात. शेजारीं एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्याहि डोळ्यांत याच जातीचीं भिंगें आहेत, आणि त्यांना तक्त्यावर आमच्या बंधूंइतकेंच दिसतें. त्या अत्यंत संतुष्ट आहेत. त्यांना पहांटे पोथी वाचावयाची असते, नातवंडांच्या वह्या पाहावयाच्या असतात. मोटार त्यांनीं आयुष्यांत चालविलेली नाहीं. चाळिशी शोधीत घरभर फिरणें थांबलें, हेंच त्यांना मोठें वरदान वाटतें.

आम्हीं बंधूंना विचारिलें कीं, भिंग निवडतांना आपल्या कामाविषयीं बोलणें झालें होतें काय? ते क्षणभर थांबून म्हणाले, "मी एवढंच विचारलं, सगळ्यांत भारी कोणतं? त्यांनी सांगितलं, मी बसवलं." यांत कोणासहि दोष देण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं. कापसांतील वाणांची निवड करितांना जमीन कोणती, पाणी किती, हें विचारल्यावांचून जे कोणास सल्ला देत नाहींत, त्यांनीं डोळ्याच्या बाबतींत केवळ किंमत विचारिली. महाग तें उत्तम, ही समजूत आपणां सुशिक्षितांतहि किती खोल रुजलेली आहे, हें त्यावरून दिसतें. अशा असमाधानावर थोडाबहुत इलाज आहे. मेंदूची संवय होण्यास कांहीं महिने लागतात. डोळ्याचा कोरडेपणा, उरलेला थोडासा नंबर, किंवा भिंगामागील पडद्यावर आलेली गढूळता हींहि कारणें असूं शकतात व तीं दूर करितां येतात. क्वचित् भिंग बदलावेंहि लागतें, आणि तें करावयाचें असल्यास मागील पडदा लेसरनें उघडण्यापूर्वीं करणें सोपें. पण सर्वांत स्वस्त इलाज शस्त्रक्रियेच्या आधींचा आहे. आपण दिवसभर काय पाहतों, रात्रीं कोठें जातों, कोणत्या गोष्टीवांचून आपलें चालणार नाहीं, हें आपण सांगावें व वैद्यानें विचारावें. दृष्टिपटलास मधुमेहाची किंवा अन्य व्याधीची बाधा असेल, तर प्रकाशाची वांटणी करणारें भिंग बहुधा टाळितात. हेंहि रोग्यास आधीं कळलें पाहिजे.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ज्या देशांत अजून मोतीबिंदूनें माणसें आंधळीं होतात, त्या देशांत दिव्याभोंवतालच्या वलयांची तक्रार ही श्रीमंतांची चैन नव्हे काय? २०१५–१९ या काळांतील राष्ट्रीय पाहणीप्रमाणें देशांत अंधत्वाचें प्रमाण ०.३६ टक्के आढळलें, आणि पन्नाशीपुढील लोकांच्या अंधत्वांत ६६.२ टक्के वांटा मोतीबिंदूचा होता. हे आंकडे विसरून केवळ चाळिशीची चिंता वाहणें शोभणारें नाहीं. परंतु आंकड्यांकडेहि डोळस वृत्तीनें पाहावें. २०१७ पर्यंत आपल्या सरकारी कार्यक्रमांत ६/६० हून कमी दृष्टीस अंधत्व म्हणत. त्या वर्षीं जागतिक आरोग्यसंघटनेस अनुसरून ती मर्यादा ३/६० करण्यांत आली. ज्याची दृष्टि ४/६० तो मनुष्य एका वर्षीं सरकारी व्याख्येनें आंधळा होता आणि दुसऱ्या वर्षीं नव्हता. त्याच्या दारापुढील पायरी मात्र दोन्ही वर्षीं त्यास सारखीच दिसत होती. माप आवश्यक आहे. पण माणसास विचारण्याचें काम त्या मापानें संपत नाहीं.

शिवाय गरिबांचें समाधान हा आपल्याकडे फार सोयीचा पुरावा होऊन बसला आहे. काकू समाधानी होत्या, असें आम्ही वर लिहिलें. तें चाळीस वर्षें आम्हीहि मानीत आलों. त्या संध्याकाळीं मानवतच्या घरांत हें सर्व बोलणें चाललें असतां आमच्या वहिनींनीं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं उभें राहून एक गोष्ट सांगितली. काकू पुरुषमंडळींना "दिसतंय की" म्हणत, परंतु सुनेपाशीं एकदां म्हणाल्या होत्या, "दिसतंय गं, पण जगाचा अंदाज गेला." त्यानंतर त्यांनीं देवळांतील रात्रींचें कीर्तन सोडिलें, आणि विचारणाऱ्यास पाय दुखतात असें सांगूं लागल्या. शिबिरांत नेण्याआणण्याचा खर्च मुलानें केला होता. त्याच्यापुढें तक्रार करणें त्यांना कृतघ्नपणाचें वाटलें असावें. आम्हीं त्यांना प्रश्न केला होता खरा. पण त्याचें उत्तर काय यावें, हें आधींच ठरवून केला होता.

वहिनींचें बोलणें ऐकून आमचे बंधु बराच वेळ कोनाड्यांतील त्या चष्म्याकडे पाहत बसले. मग उठून त्यांनीं तो खालीं काढिला, धोतराच्या सोग्यानें पुसला आणि डोळ्यांपुढें धरून पाहिला. अर्थात् त्यांतून त्यांना कांहींच नीट दिसलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं एक कागद घेऊन आपल्याला कोणत्या वेळीं, कोणत्या जागीं, काय दिसत नाहीं, याची यादी करावयास घेतली. पुढच्या तपासणीच्या वेळीं ती डॉक्टरांपुढें ठेवावयाची, असें त्यांनीं ठरविलें आहे. पहिल्या ओळींत गोदाम होतें, दुसरींत परभणीचा रस्ता. तंजावरच्या त्या चव्वेचाळीस हकीकतींच्या शेजारीं ठेवण्यासारखाच हा कागद आहे, असें आम्हांस वाटलें.